ही काळजी नक्की कुणाची? मंडळीत नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

मी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार झाले, त्या वर्षीची गोष्ट. रविवारची उपासना संपली की वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीतल्या, टेबलावर दानाच्या थैल्या रिकाम्या करायच्या, नोटा सरळ करायच्या, नाण्यांच्या दहा-दहाच्या चवडी लावायच्या आणि आकडा वहीत मांडायचा. काम अर्ध्या तासाचं. मला दीड तास लागायला लागला. एकदा मोजून झालं की वाटायचं, चुकलं असणार. पुन्हा मोजायचं. तिसऱ्या खेपेला बोटांची टोकं काळी व्हायची आणि नाण्यांचा वास घरी जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. रात्री अडीचला जाग यायची, छाती धडधडत असायची, आणि डोक्यात एकच: ती घडी घातलेली पन्नासची नोट आपण उलगडून पाहिली होती का?

मग एका सोमवारी नाशिकच्या त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला स्कूटीवर हातपाय गार पडले. श्वास पुरेना. मला वाटलं, हार्ट अटॅक. गाडी कडेला लावून रिक्षाने दवाखाना गाठला. ईसीजी व्यवस्थित निघाला. डॉक्टरांनी विचारलं, “ताई, कसली काळजी करता का?” मी पटकन म्हणाले, “छे, आम्ही ख्रिस्ती. आम्ही प्रार्थना करतो.” डॉक्टर काही बोलले नाहीत. माझं मलाच ऐकू आलं ते.

कमिटीवर नुकतंच निवडून आलेलं कुणी, तरुण संघाचा नवा पुढारी, संडेस्कूलची नवी शिक्षिका, नाहीतर नवीनच नेमणूक झालेले पाळक (पास्टर) आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे पाळकीणबाई, यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. ज्या खड्ड्यांत मी पडले ते कुठे आहेत, एवढं मला माहीत आहे.

सुरुवातीला काय काय लागेल

- शंभर पानी वही, मंडळीच्या कामाची नसलेली. दोन्ही एक झाल्या की संपलंच.
- छापील मराठी बायबल. फोनमध्ये स्तोत्र उघडायला गेलं की वर आधी कमिटीच्या ग्रुपचा मेसेज दिसतो.
- एक माणूस: जो कमिटीत नाही, तुमच्या घरातलाही नाही आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहते.
- दवाखान्यासाठी: चालू औषधांची यादी, असतील तर रक्ताचे रिपोर्ट आणि केसपेपरसाठी आधार कार्ड.
- फोनमध्ये सेव्ह केलेला १४४१६ हा नंबर. कशाचा ते पुढे येईल.

१. आधी ‘अविश्वास’ हे लेबल काढा

चिंता वाटते म्हणजे विश्वास कमी, हे आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की ऐकणारा पुढे तोंडच उघडत नाही. आधार बहुतेक वेळा फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाचा दिला जातो: कशाविषयीही चिंता करू नका. माझ्याही कपाटावर ते वचन फ्रेम करून लावलेलं होतं, आणि रात्री अडीचला ते मला रागावल्यासारखं दिसायचं.

आमच्या पाळकसाहेबांनी एकदा तो मूळ ग्रीक शब्द दाखवला. ‘मेरिम्ना’. चौथ्या अध्यायात ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, ते करू नका. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपला सहकारी तीमथ्य याची स्तुती करताना तो त्याच धातूचा शब्द वापरतो: हा तुमची मनापासून काळजी करील. आणि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ११व्या अध्यायात फटके, तुरुंग, जहाज फुटणं ही सगळी यादी देऊन झाल्यावर पौल स्वतःबद्दल सांगतो की रोज माझ्यावर दडपण आहे ते सगळ्या मंडळ्यांच्या चिंतेचं. शब्द तोच. म्हणजे जी माया माणसाला मंडळीसाठी राबवते, तिचंच दुसरं टोक रात्री जागं ठेवतं. काळजी मुळासकट उपटायला गेलात तर सोबत मायाही उपटून येईल.

प्रभू येशू गेथशेमाने बागेत खिन्न झाला, तेव्हा त्याने तिघांना सोबत नेलं आणि जागे राहा म्हणाला. ते झोपले, हा भाग वेगळा.

एकोणिसाव्या शतकातले इंग्रज उपदेशक स्पर्जन यांचं नाव आपल्या पाळकांच्या तोंडी नेहमी असतं. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी लंडनमध्ये त्यांच्या भाषणाच्या वेळी कुणीतरी ‘आग’ अशी खोटी ओरड केली, चेंगराचेंगरी झाली आणि ७ माणसं गेली. स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचे होते. त्या धक्क्याने ते पार कोसळले, आणि खिन्नतेशी त्यांची झुंज नंतरही चालूच राहिली. त्यांचा विश्वास कमी होता, असं कुणी म्हणून दाखवावं.

*इथला खड्डा:* “प्रार्थनेसाठी सांगते हं” या वाक्याने सुरू होणारी चुगली. तुमची अवस्था घरगुती प्रार्थनेत सगळ्यांसमोर मांडायची घाई करू नका. बुधवारी सांगितलेलं शुक्रवारी शरणपूरपासून नाशिकरोडपर्यंत पोचतं, आणि वाटेत त्याला दोन-चार फांद्या फुटलेल्या असतात. आधी एकालाच सांगा. यादीतला ‘एक माणूस’ त्यासाठीच.

२. शरीराला आधी जेवू घाला

एलीया संदेष्ट्याची गोष्ट बायबलातल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळाला, आणि थोड्याच दिवसांत हा माणूस रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येऊन काय करतो? उपदेश नाही, ‘असा कसा रे तू’ नाही. भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो आणि पुन्हा खायला घालतो. देवाशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी, डोंगरावर.

आपल्या शरणपूरचं मला यासाठीच कौतुक वाटतं. शरणपूर रोडने रोज जाताना नावाकडे कुणाचं लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ही वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे शिकली. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह इंग्लंडपर्यंत पोचवणारा जेकब वेनराइट त्यांतलाच. घाबरून गेलेल्या त्या मुलांना इथे धडे होते, तशीच सुतारकी-लोहारकीही होती. हाताला काम, पोटाला अन्न.

तर पहिला आठवडा एवढंच करा:

झोपेची वेळ ठरवा आणि त्याआधी तासभर मंडळीचा ग्रुप म्यूट करा. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. मला माहीत आहे हे नाशिकमध्ये किती अवघड आहे. भेटीगाठीला गेलं की प्रत्येक घरी अर्धा कप, आणि नको म्हटलं की पाळकीणबाई रागावल्या का, अशी नवी चर्चा सुरू. मी ‘ॲसिडिटी’ सांगून सुटका करून घेते. खोटं नाही, खरंच आहे मला.

रोज अर्धा तास चाला. मी गोदापार्कला जाते. कानात उपदेशसुद्धा लावत नाही.

आणि श्वास. धडधड सुरू झाली की श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. शरीराला ‘धोका टळला’ हा निरोप त्याने जातो. आकडे मोजत बसलं की मला वेस्ट्री आठवते, म्हणून मी तेविसावं स्तोत्र धरलं. श्वास घेताना मनात ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, सोडताना सावकाश ‘मला काही उणे पडणार नाही’. दुसरा अर्धा भाग आपोआप लांब होतो. पाच मिनिटं. हे शांत असतानाच रोज घोटून ठेवा. पूर आल्यावर पोहायला शिकता येत नाही.

भीतीच्या अशा झटक्याचा जोर साधारण दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरू लागतो. हे माहीत असणं हाच मोठा आधार. पण छातीत पहिल्यांदाच दुखतंय, तर ‘लेखात वाचलं होतं’ म्हणून घरी बसू नका. आधी ईसीजी, मग स्तोत्र.

३. वहीत तीन रकाने आखा

सगळ्यात जास्त फायदा मला याचा झाला.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन वाक्यं जवळजवळ आहेत आणि वरवर एकमेकांच्या विरोधात वाटतात. दुसऱ्या वचनात: एकमेकांची ओझी वाहा. पाचव्यात: प्रत्येकाने आपापला भार वाहावा. मुळात शब्द दोन आहेत. पहिला, माणसाला चेपून टाकणाऱ्या जडशीळ ओझ्याचा. दुसरा, ज्याने-त्याने आपल्या पाठीवर न्यायच्या पडशीचा. मंडळीत काम करणाऱ्यांचा घोळ असा होतो की आपण दुसऱ्यांच्या पडश्या उचलत फिरतो, आणि खरं ओझं आलं की कंबर मोडलेली असते.

म्हणून पानावर तीन रकाने: माझं, त्याचं किंवा तिचं, देवाचं. रोज संध्याकाळी साडेसहा ते सातला पाच कमी, म्हणजे पंचवीस मिनिटं, मी डोक्यातली एकेक काळजी काढून कुठल्यातरी रकान्यात टाकायचे. त्या वर्षीच्या डिसेंबरातलं एक पान अजून आहे माझ्याकडे:

*माझं:* कबरस्थानाच्या भिंतीचं दुसरं कोटेशन आणायचं. उद्या सकाळी अकराला फोन. / संडेस्कूलच्या पेढ्यांचं बिल राहिलंय.

*तिचं:* नाटकात मरीयेचं काम दुसऱ्या मुलीला दिलं म्हणून एका मावशीने माझ्याशी सलाम बंद केलाय.

*देवाचं:* नाताळच्या रात्री थंडीने म्हातारी माणसं येतील का. / नव्या भिंतीला पैसे जमतील का.

शेवटची नोंद लिहून झाल्यावर मी ती खोडली आहे. कारण पैसे जमणं देवाचं असेल, पण पावतीपुस्तकं छापून घेणं माझं होतं आणि मी ते तीन आठवडे टाळत होते. ‘देवावर सोपवलं’ या वाक्याखाली आपला आळस आणि भीती दोन्ही बिनबोभाट लपतात. देवाच्या रकान्यात काही टाकण्याआधी एकदा विचारा: यातला एखादा तुकडा माझ्या हातातला आहे का? असेल तर तो फाडून पहिल्या रकान्यात आणा आणि समोर वार-वेळ घाला. वार-वेळ नसलेली गोष्ट रात्री अडीचला परत येते.

दिवसभरात काळजीने डोकं वर काढलं की तिला सांगायचं, साडेसहाला ये. पहिले आठ-दहा दिवस ती ऐकत नाही. मग ऐकायला लागते. गंमत म्हणजे साडेसहाला वही उघडली की निम्म्या काळज्या आठवतही नाहीत.

अंथरुणात वही नेऊ नका. आणि अक्षर चांगलं काढायच्या भानगडीत पडू नका, ही प्रभूची सेवा नाही.

४. डॉक्टरकडे कधी आणि कसं जायचं

जीएडी-७ नावाची एक साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या २ आठवड्यांबद्दल ७ प्रश्न: अस्वस्थ वाटलं का, काळजी थांबवता आली नाही असं झालं का, निवांत बसणं अवघड गेलं का, चिडचिड झाली का, अशा धाटणीचे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २१. बेरीज १० किंवा जास्त आली तर तज्ज्ञाला दाखवा. हे निदान नव्हे. कपाळाला हात लावून ताप बघण्यासारखं आहे. माझी बेरीज १५ आली होती.

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली की हीच धडधड, हाच घाम, हीच झोपमोड. सगळा दोष मनाला देऊन चालत नाही, सैतानाला तर त्याहून नाही.

मग मानसोपचारतज्ज्ञ. खासगी दवाखाना परवडत नसेल तर आपल्या जिल्हा रुग्णालयात जा. सकाळी लवकर, कारण केसपेपरची रांग लांब असते. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती मलाही होती, आणि भेटलंच. मंडळीतलाच एक भाऊ, दोन माणसं पुढे. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, त्याने “सलाम ताई” म्हटलं, आणि आजतागायत त्या दिवसाबद्दल आम्ही एक शब्द बोललेलो नाही. पण रविवारी तो हात जरा घट्ट मिळवतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क तुम्हांला आहे, हेही ध्यानात असू द्या.

घराबाहेर पडवतच नसेल तर १४४१६. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटतंय, स्वतःला इजा करण्याचा विचार येतोय, असं स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बाबतीत दिसलं तर ही प्रश्नावली, हा लेख, वही, सगळं बाजूला ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका, फोन लावा, आणि सरळ रुग्णालय गाठा. रात्रीची प्रार्थना रिक्षात करता येते.

गोळ्यांबद्दल तीन गोष्टी. रोज घ्यायच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी वाढल्यासारखी वाटू शकते, तर डॉक्टरांना विचारा, पण सोडू नका. दुसरं, शेजारणीची ‘अर्धी गोळी’ कधीच घेऊ नका. लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागते. तिसरं, आणि हा आपल्या लोकांचा खास खड्डा: बरं वाटलं, देवाने बरं केलं अशी उपासनेत साक्ष दिली, आणि त्याच रात्री गोळ्या कचऱ्यात. मी हे केलं. पाचव्या दिवशी चक्कर आणि झिणझिण्यांनी आडवी पडले. साक्ष द्या, गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच कमी करा. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, ‘फक्त प्रार्थना कर’ असं लिहिलं नाही. द्राक्षांच्या जिल्ह्यातल्या माणसांना हे वचन बरोबर पाठ असतं, पण फार वेगळ्या कारणासाठी.

कुणी म्हणेल, तुला बांधण (दुष्ट आत्म्याचा बंध) आहे, अमक्याकडे नेऊ, ते हात ठेवून काढतात. प्रार्थनेला माझी ना नाही. पण औषध बंद करायला सांगणारा, पैसे मागणारा, किंवा दाराला कडी लावून प्रार्थना करणारा दिसला की उठून घरी या.

५. घरात सांगा, पण जेवताना नको

काळजी घरात एकाची राहत नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की सगळं घर दचकावं, तशी ती पसरते. इथून जवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या बालपणाबद्दल लिहून ठेवलंय: १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धसक्याने वडिलांना सोवळ्याओवळ्याचं असं वेड लागलं की सगळं घर त्या धुण्यापुसण्याभोवती फिरत राहिलं. फाशी झाली ती लक्ष्मीबाईंच्या जन्माआधी. भीती मात्र त्यांच्या वाट्याला आलीच. मी नाणी तिसऱ्यांदा मोजायचे, तेव्हा माझी मुलगी वेस्ट्रीच्या दारात उभी राहून दप्तराचा पट्टा चावायची. ते मला खूप उशिरा दिसलं.

नवऱ्याला किंवा बायकोला सांगताना ‘तुम्हांला माझी पर्वाच नाही’ इथून सुरुवात करू नका. चहा घेताना, टीव्ही बंद करून, एवढंच: “मला सध्या असं होतंय. तुम्ही ते दुरुस्त करायची गरज नाही. फक्त रात्री उठले तर विचारू नका काय झालं, शेजारी बसा.” माझे यजमान कारखान्यातले माणूस, काही बिघडलं की स्क्रूड्रायव्हर आणणारे. त्यांना ‘दुरुस्त करायचं नाही’ हे समजायला दोन महिने लागले. आता बसतात. घोरतात बसल्या बसल्या, पण बसतात.

६. त्रिकोणात शिरू नका

मंडळीत जबाबदारी घेतली की पहिल्या पंधरा दिवसांत हा फोन येणारच:

“ताई, कुणाला सांगू नका, पण त्या कॉयरवाल्या बाई आहेत ना…”

मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी कुटुंबांचा अभ्यास करून एक गोष्ट मांडली: दोन माणसांमधला ताण सोसेनासा झाला की ती तिसऱ्याला आत ओढतात. ताण निवळत नाही, नुसता तिसऱ्याच्या अंगावर सरकतो. पुढे एडविन फ्रीडमन या यहुदी रब्बींनी दाखवलं की देवस्थानातली मंडळीही कुटुंबासारखीच चालते. म्हणजे फोन ठेवल्यावर त्या बाईला हलकं वाटतं आणि तुमचं डोकं दुखायला लागतं, याला शास्त्रीय नाव आहे: त्रिकोण.

मत्तय १८:१५-१७ मध्ये प्रभूने सरळ क्रम दिलाय: आधी तू आणि तो, एकांतात. जमलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. मग मंडळी. आपण नेमका उलटा क्रम धरतो.

तेव्हा हे वाक्य पाठ करून ठेवा: “मावशी, तुम्हांला वाईट वाटलंय हे कळलं. हे तुम्ही त्यांच्याशी बोललात का?” नाही म्हणाल्या तर: “तुम्ही बोला. एकटीला अवघड वाटत असेल तर मी शेजारी येऊन बसते, पण तुमच्या वतीने बोलणार नाही.” सुरुवातीला लोक तुम्हांला शिष्ट म्हणतील. मला ‘हेडबाई’ म्हणायचे. सहा महिन्यांत फोन निम्म्यावर आले.

याला एक अपवाद, आणि तो पक्का लक्षात ठेवा. मारहाण, लहान मुलांशी गैरवर्तन, स्त्रीला त्रास, पैशांची अफरातफर, यांत ‘तुम्ही दोघं एकांतात बोला’ चालत नाही. तिथे शिरायचं, लगेच, आणि गरज असेल तर पोलिसांकडे. शांतता टिकवायच्या नावाखाली अशी प्रकरणं दाबली गेलेली मी पाहिली आहेत.

७. मीटिंगमध्ये तुमची खुर्ची थंड ठेवा

कबरस्थानाच्या भिंतीची ती मीटिंग रात्री साडेआठला सुरू झाली आणि पावणेबाराला संपली. भिंतीवर बोलणं झालं असेल पंधरा मिनिटं. बाकी वेळ कोणाच्या आजोबांनी जमीन दिली, कोणाचं नाव पाटीवर नाही, मागच्या कमिटीने काय खाल्लं. एक ज्येष्ठ भाऊ टेबलावर हात आपटून माझ्याकडे बघत म्हणाले, “हिशोब दाखवा!” माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. मी उभी राहून दुप्पट आवाजात बोलले. त्यानंतर खोलीतला प्रत्येक जण दुप्पट आवाजात बोलला.

चूक माझी कुठे झाली, हे वहीच्या रकान्यात टाकल्यावर कळलं. त्या भावांची पत्नी तिथे पुरलेली आहे, सहा महिन्यांपूर्वीची कबर, आणि पडक्या भिंतीतून गुरं आत येत होती. त्यांचा राग हिशोबाचा नव्हताच. मी तो हिशोबाचा समजून अंगावर घेतला.

आता मी हे पाळते:

विषयपत्रिका दोन दिवस आधी, कागदावर. रात्री नऊनंतर कोणताही ठराव मतास टाकायचा नाही. उरलेलं पुढच्या वेळी. कुणी ओरडलं तर उत्तर देण्याआधी पायाचे दोन्ही तळवे जमिनीला टेकवायचे, एक लांब श्वास सोडायचा आणि त्याच्या बोलण्यातलं एक वाक्य त्याला परत म्हणून दाखवायचं: “भाऊ, भिंतीला उशीर झाला याचा तुम्हांला त्रास होतोय.” बहुतेक वेळा माणूस खाली बसतो. ग्रुपवर रात्री आलेल्या रागीट मेसेजला सकाळीच उत्तर, आणि तेही फोन करून.

पैसे कधीच एकट्याने मोजू नका. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय पाहा: यरुशलेमेसाठी गोळा केलेलं दान पौल एकटा घेऊन निघत नाही, मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतो, कुणी दोष ठेवू नये म्हणून. दोन मोजणारे, दोन सह्या, सोमवारी बँक. माझी अर्धी झोप या एका नियमाने परत आली, आणि हे मला कोणत्याही गोळीआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि कामं वाटा. निर्गमच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो म्हणतो, तू करतोस ते ठीक नाही, तू झिजून जाशील, आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावतो. सासऱ्याचं मुकाट ऐकणारा जावई बायबलात असा एकच सापडेल. वाटलेलं काम दुसरा तुमच्याइतकं नीट करणार नाही. नाताळच्या पताका वाकड्या लागतील. लागू द्या.

८. पाळकसाहेबांनाही विचारा

थोडक्यात सांगते. सगळे आपलं ओझं त्यांच्याकडे नेतात. ते कुणाकडे नेणार? कमिटीकडे नेलं तर बदलीची भीती, मंडळीकडे नेलं तर चर्चा. आठवड्यातून एक दिवस त्यांना अंत्यविधीखेरीज कशालाही फोन करायचा नाही, एवढं कमिटीने ठरवून टाका. पाळकीणबाईंना त्यांच्या नावाने हाक मारणारी एक तरी मैत्रीण मंडळीबाहेर असू द्या.

माझी खजिनदारीची मुदत संपली. मागच्या महिन्यात नव्या खजिनदाराला, तेवीस वर्षांच्या मुलाला, काम दाखवायला वेस्ट्रीत बसले होते. पाकिटांवरच्या आकड्यांची बेरीज आणि हातातली रोकड यांत ४० रुपयांचा फरक निघाला. त्याने पुन्हा मोजलं. चाळीसच. तिसऱ्यांदा त्याने नाण्यांच्या चवडीकडे हात नेला आणि माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता त्याच्या, जानेवारीतल्या नाशिकमध्ये.

“लिही,” मी म्हणाले. “चाळीस कमी. खाली दोघांची सही.”

त्याने लिहिलं. बाहेर कुणीतरी खुर्च्या गोळा करत होतं. आम्ही वही बंद केली, कुलूप लावलं आणि चहाला गेलो. चार वाजायचे होते अजून.